सोनाजीमामांची शिफारस

सुकेशनीची सगळी तयारी झाली होती, आणि म्हणूनच तिला चैन नव्हतं. टीव्ही सेंटर भागातल्या इंटरव्ह्यूच्या क्लासनं चाळीस पोरांना इंग्रजीत एकच 'स्वतःची ओळख' दिली होती: मी जिद्दी आहे, मला सगळ्यांत मिसळून काम करायला आवडतं, माझा दोष एवढाच की मी कामात फार गुंतते. चाळीस माणसांत मिळून दोष एकच निघावा, याचं क्लासमध्ये कुणाला नवल वाटलं नव्हतं. सुकेशनीनं महिनाभर आरशासमोर ही ओळख इतकी घोटली, की कुणी नुसतं 'काय गं' म्हटलं तरी पहिलं वाक्य तोंडातून सांडायचं.

दोन कंपन्यांनी नकार दिला होता. चिकलठाण्याच्या या कंपनीतलं सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम मिळालं नाही, तर महिनाअखेर खोली सोडून गावी, कन्नडला, परतायचं, असं घरी ठरलं होतं. ठरवताना तिला विचारलं नाही; कळवलं मात्र वेळेवर.

त्यात इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं सोनाजीमामा हजर. जन्म मेंढरांमागं गेलेला. डोक्याला पटका, खांद्याला पिशवी.

"मामा, इंटरव्ह्यूला कुणी कुणाला घेऊन येत नाही."

"मग त्यांना माणसं नसतील."

कंपनीत सुकेशनी तीनदा तोंड धुऊन आली. मामा मात्र कामाला लागले होते. मामांचं काम म्हणजे दिसेल त्याला गाव विचारणं. अर्ध्या तासात स्वागताच्या टेबलावरची श्रेया फुलंब्रीची निघाली, वॉचमन सिल्लोडचा. मग काचेपलीकडं, चहाच्या टपरीवर, मामा एका चष्मेवाल्याशी बोलताना दिसले. बोलता बोलता त्यांनी हात लांब करून तिच्याकडं दाखवलं. ते आत येताच तिनं विचारलं,

"काय बोललात त्यांच्याशी?"

"काय न्हाय. म्हटलं, भाची लई हुशार हाय. महिनाभर आरशाम्होरं समदं पाठ केलंय, एक अक्षर इकडचं तिकडं व्हायचं नाय. वरच्या सायबाच्या कानावर घाला तेवढं. घालतो म्हनला. भला माणूस!"

तेवढ्यात तिचं नाव पुकारलं. आत खुर्चीवर तोच भला माणूस बसला होता. वरचा साहेब म्हणतात तो हाच. छातीवरच्या पट्टीवर 'अभय' लिहिलेलं.

"पाठ केलेलं माझ्यापर्यंत पोचलंय," तो म्हणाला. चेहरा कोरा. "त्याखेरीज काही असेल तर सांगा."

सुकेशनीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"सर, आमच्या प्रोजेक्टमध्ये लॉगिन होत नव्हतं. दोन दिवस."

"मग काय केलंत?"

"रडले."

"मग?"

"मग कोडची एकेक ओळ बंद करून पाहिली. पासवर्डच्या मागं एक मोकळी जागा, स्पेस, जात होती. दिसायची नाही, पण होती."

त्यानं पेन खाली ठेवलं. "दिसत नव्हती, तर सापडली कशी?"

तिनं कागद मागितला. पुढची वीस मिनिटं ती अर्धी इंग्रजीत, अर्धी गावाकडच्या मराठीत बोलत होती. मधेच एकदा साहेबालाच 'थांबा हो जरा' म्हणाली, आणि ते आपण म्हणालो हे तिला बाहेर आल्यावर आठवलं.

"दुसरी फेरी तीनला आहे," श्रेया म्हणाली. "तू थांब."

मामा पुढं सरसावले. "सांगितलं न्हवं समदं?"

"त्यातलं काहीच नाही सांगितलं, मामा. सरांनीच नको म्हटलं."

मामांचा चेहरा पडला. महिनाभराचं पाठांतर पाण्यात गेलं होतं.

"मंजी त्या चष्म्यावाल्यानं वर सांगितलंच न्हाय! थांब, त्याला गाठतो." आणि ते उठलेच.

सुकेशनीनं त्यांच्या सदऱ्याची बाही धरली. तीन वाजायला अजून दोन तास होते.

"बसा, मामा," ती म्हणाली, आणि बाही काही सोडली नाही.