चाचांचा भोंगा

अख्ख्या राळेगाव तालुक्यात राजाविरुद्ध बंड पुकारून ते घरच्या ओट्यावर, घातलेली मांडी न मोडता चालवणारा माणूस एकच झाला, आणि तो आमच्या शेजारी राहत होता. सगळे त्यांना भोंगेवाले चाचा म्हणत. गावच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ते फिटर. पाळीचा भोंगाही तेच वाजवत. मग कापसाचे ते वाईट दिवस आले. कापसाला भाव मिळेना, जिनिंगला कापूस मिळेना, आणि एका संध्याकाळी चाचांनी पहिली पाळी सुटल्याचा भोंगा दिला तो शेवटचाच ठरला. दुसऱ्या पाळीला कोणी बोलावलंच नाही. बरोबरीचे लोक कोणी सुरतेला, कोणी नागपूरला पांगले. चाचांच्या हाती उरला तो पुतण्याने आखातातून आणलेला आणि घरात दुसऱ्या कोणालाच न आवडलेला, तळहाताएवढा व्हिडिओ गेम.

तो खेळ म्हणजे मोठं अजब प्रकरण होतं. धड बुद्धिबळ नाही, धड पत्ते नाहीत, धड गोष्ट नाही, तिन्हींचा काला. फौज चौकटीचौकटीने सरकवायची, वार करायचा तर पत्ता उचलायचा, आणि दोन लढायांच्या मध्ये छावणीत भाजीपाला लावून शिपायांना जेवू घालायचं. वर ते शिपाई एकमेकांवर रुसायचे, मनधरणी करून घ्यायचे, लग्नंसुद्धा करायचे. हे सगळं इंग्रजीत, आणि चाचांचं इंग्रजी मशीनवरच्या 'डेंजर'च्या पाटीपुरतं. म्हणून संवाद वाचायला मी, गावच्या शाळेतला मास्तर. शाळा सुटली की मी ओट्यावर हजर. बंडखोर राजकन्या लांबलचक भाषण करायची, मी त्याचं मराठी करायचो, आणि चाचा म्हणायचे, "लय बोलते बाई. कामाचं काय म्हनते तेवढं सांगा, मास्तर."

शिपायांना आपल्या मनाची नावं देता येत, फक्त जागा चार-पाच इंग्रजी अक्षरांची. चाचांनी अख्खं जिनिंग भरती करून टाकलं. गणपत हमाल 'गणपा' होऊन तिरंदाज झाला. मारोतराव मुकादम जागेअभावी नुसते 'मारो' उरले आणि घोड्यावर बसले. रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, काम करणाऱ्या शांताबाईंना जखमींना औषध देणारी जादूगारीण केलं. मेलेला शिपाई या खेळात परत येत नसे, म्हणून चाचा फौजेला जिवापाड जपत. त्यांचा एकही माणूस कधी गेला नाही.

खेळ पाळीपाळीचा होता: आधी आपण, मग शत्रू. पण पाळी या शब्दाचा चाचांना एकच अर्थ ठाऊक. आपली ती पहिली पाळी, शत्रूची ती दुसरी. चाल करून झालेला शिपाई पडद्यावर करडा होई. "याची ड्युटी झाली," चाचा म्हणत. सगळे करडे झाले की गाल फुगवून तोंडाने लांबलचक भोंगा देत आणि मगच बटन दाबत. त्या भोंग्यावर आळीतल्या बाया चहाचं आधण ठेवू लागल्या. समोरचे शत्रू आहेत, दुसऱ्या पाळीचे कामगार नव्हेत, हे मी एकदा समजावून पाहिलं.

"एकच झालं," चाचा म्हणाले. "दुसऱ्या पाळीवाल्याइशी आपलं कधी जमलंच नाही."

त्या दिवसांत कापसाची दैना दाखवायला गावोगाव कॅमेरेवाले यायचे. एका वार्ताहराने ओट्यापाशी थांबून गंभीर आवाजात परिस्थिती विचारली. चाचांनी मान वर केली नाही. "गणपा जखमी हाय, पन औषध देल्लं. बाकी सारे ठीक." त्याने ते लिहून घेतलं आणि गणपाचा पत्ता मागितला.

अखेर राजा एका वाराचा सोबती उरला, आणखी एक वार की मेला. मी पुढचं वाचून सांगितलं: राजा पडला की सगळे शिपाई शस्त्रं ठेवून आपापल्या घरी जातील. झालं. त्या दिवसापासून चाचा राजाला शिवेनात. राजा वार करी, शांताबाई औषध देत, चाचा भोंगा देत. असे महिने गेले.

मग भाचीच्या लग्नाला खरा गणपत सुरतेहून आला. आपण चाचांच्या फौजेत आहोत हे त्याच्या कानावर आलंच होतं. ओट्यावर बसून म्हणाला, "मी कुठी हावो, चाचा?" चाचांनी दाखवला. स्वतःला धनुष्यासकट पाहून तो खूश झाला. "मंग मारा न राजाले. थांबले कायले?"

"तो मेला का तुमी सारे घरी जाता. मास्तरनं वाचून सांगतलं."

"आमी तं कवाचेच गेलो न, चाचा," गणपत म्हणाला.

चाचांनी पडद्यावर बोट ठेवलं. "इथून नाही गेले," ते म्हणाले. 

संध्याकाळच्या एसटीने गणपत निघाला. गाडी हलली तसे चाचांनी सवयीने गाल फुगवले, पण आवाज काढला नाही. "भोंगा देल्ला का पाळी सुटते," एवढंच म्हणाले आणि गाडी वळेपर्यंत उभे राहिले. पुढे माझी बदली झाली. राजा अजूनही एका वाराचा सोबती आहे, असं ऐकतो. तो तसाच राहो, असं मला मनापासून वाटतं.