तिळाचं रामेन आणि वेगळी चूल

माझ्या लेकीनं माझ्याच घरात वेगळी चूल मांडली होती. घरी आली की ती बॅगेतून स्वतःचा तवा, एक पातेलं आणि तेलाची बाटली काढायची, ओट्याच्या कोपऱ्यात एका शेगडीचा छोटा गॅस ठेवायची आणि आपल्यापुरती भाकरी, ठेचा, पातीच्या कांद्याची भाजी करून घ्यायची. आमच्याकडं भावाभावांचं बिनसलं की चुली वेगळ्या होतात. आई आणि लेकीच्या वेगळ्या झालेल्या मी तरी कुठं ऐकल्या नव्हत्या.

तिनं दूध सोडलं होतं. दूध, दही, ताक, तूप, सगळंच. आणि आमचं घर म्हणजे राहू गावाजवळची वस्ती, दारात अकरा गाईंचा गोठा. लग्न होऊन आले त्या आठवड्यापासून मी धारा काढतेय. आता मशीन आलं, तरी पहिल्या चार धारा मी हातानंच काढते, नाहीतर गाईला आणि मला दोघींनाही चैन पडत नाही. त्यामुळं लेक म्हणाली, मी दूध खाणार नाही, तेव्हा ते दुधाबद्दल आहे असं मला वाटलंच नाही. माझ्याबद्दलच वाटलं. भावकीतले म्हणाले, पुण्याचं वारं लागलं. मी मान हलवली, पण मला माहीत होतं की वारं पुण्याचं नव्हतं. एकदा गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून तिनं मला सरळ विचारलं होतं, गोऱ्हे जन्मतात त्यांचं पुढं काय होतं, तुला ठाऊक आहे ना? मला ठाऊक होतं, बाजारात त्यांना कोण कशासाठी नेतं ते. मी पाटीत शेण भरत राहिले.

पण वेगळी चूल त्यामुळं झाली नाही. ती झाली होळीच्या पोळीवरून. दोन वर्षांपूर्वी होळीला तिच्यासाठी वेगळी कणीक तेलात मळते असं मी तिला सांगितलं. तिनं दोन पोळ्या खाल्ल्या, तिसरी घेतली, आणि तेवढ्यात माझ्या थोरल्या जाऊबाई हसत हसत बोलून गेल्या की साजूक तुपाची चवच न्यारी. लेकीनं हातातला घास ताटात ठेवला. मी म्हणाले, अगं, सवयीनं हात गेला तुपाच्या बरणीकडं, लक्षातच आलं नाही. ती उठली, हात धुतले आणि म्हणाली, तूप पोटात गेलं त्याचं मी सहन करीन, पण तू मला खोटं वाढलंस. तिथून पुढं माझ्या हातचा घास तिनं घेतला नाही.

या वर्षी तिची बदली बंगळुरूला झाली. जायच्या आधीचा रविवार ती घरी येणार होती, एक दिवस आणि एक रात्र. पुन्हा कधी येईल ते तिलाही सांगता येत नव्हतं. मी मनाशी पक्कं केलं की या खेपेला लेक माझ्या हातचं जेवूनच जाईल. त्यासाठी काहीही करावं लागलं तरी चालेल.

तिनं मोबाईलवर एका वाडग्याचा फोटो ठेवलेला मी पाहिला होता. पांढुरकी दाट आमटी, त्यात शेवया, वर लाल तेलाची तर्री, कडेला पनीरसारखे चौकोन. फोनवर विचारलं तर म्हणाली, रामेन आहे, जपानी. तिळाचं. त्यात दुधाचा थेंब नाही आणि ते चौकोन सोयाबीनच्या दुधाचे, त्याला टोफू म्हणतात. मी म्हणाले, रविवारी मी करते. ती म्हणाली, कशाला, मी करून घेईन माझं. मी म्हणाले, तू हात लावायचा नाही. मग म्हणाली, बघू.

बघू तर बघू. आठवडाभर दुपारी गोठा आवरल्यावर मी हिंदीतले व्हिडिओ पाहिले. बनवणाऱ्या बाया सगळं पाकिटातनं काढत होत्या. यवतच्या दुकानात सोया सॉस मिळाला, टोफूचं नाव काढल्यावर दुकानदार माझ्याकडं बघत राहिला. म्हटलं, अडलंय माझं खेटर. दूध नासवायला मला कोणी शिकवायची गरज नव्हती, आणि सोयाबीनचं अर्धं पोतं घरातच होतं. आमच्याकडं सोयाबीन पिकवतात, बाजारात घालतात आणि त्याची पेंड गाईंना घालतात. माणसांनी खायचं म्हटल्यावर आमच्या घरधन्यांनी विचारलं की मग आम्ही पण गव्हाणीत जेवायचं का. त्यांना म्हटलं, तुमची गव्हाण वेगळी काढते, काळजी नको.

शनिवारी अर्धा किलो सोयाबीन भिजत घातलं. रविवारी धारा झाल्यावर सालं चोळून काढली, मिक्सरला वाटलं, पंचाच्या फडक्यातून पिळलं. पांढरं दूध निघालं, वास मात्र कच्च्या शेंगेचा. ते गॅसवर ठेवलं की दुधापेक्षा वाईट उतू जातं हे कोणी सांगितलं नव्हतं, तेही कळलं. वीस मिनिटं उकळल्यावर वास गेला. फडक्यातला चोथा मी गाईला घातला, तिनं एका दमात फस्त केला. निम्मं दूध आमटीसाठी बाजूला ठेवलं, निम्मं टोफूसाठी पुन्हा गॅसवर.

तेवढ्यात जाऊबाई त्यांचं शेवयांचं यंत्र घेऊन आल्या. त्यांचं माहेर शिरूरकडचं, यंत्र तिथूनच रुखवतात आलेलं. मी गव्हाच्या पिठात मीठ आणि चिमूटभर पापडखार घालून कणीक घट्ट मळून ठेवली होती. पापडखार ही माझी अक्कल. व्हिडिओतली बाई म्हणत होती की शेवयांना चिवटपणा यायला कसली तरी क्षाराची पूड लागते, आणि पापड ताणले जावेत म्हणून आपण तरी दुसरं काय घालतो? यंत्र बाजेला आवळलं, जाऊबाईंनी दांडा फिरवला आणि मी खालून पिवळसर शेवया झेलल्या. त्या म्हणाल्या, एवढा खटाटोप करून शेवटी शेवयांची आमटीच की ही. मी म्हणाले, आमटी तर आमटी, पण ती बोटं चाटून खाल्ली पाहिजे.

शेवया झेलता झेलता दूध उकळलं. मी उठले, गॅस बारीक केला, ते नासवलं, हलवलं, पुन्हा येऊन शेवया झेलायला बसले. मस्त फाटलं होतं, वर हिरवट पाणी, खाली पांढरे गोळे. फडक्यात बांधलं, पाट्यावर ठेवून वर वरवंटा ठेवला. अर्ध्या तासानं सोडलं तर असा घट्ट, गुळगुळीत वडा निघाला की मी स्वतःवरच खूश झाले. जाऊबाईंनी कोपरा तोडून खाल्ला. म्हणाल्या, पनीरच लागतंय की.

चाकू घ्यायला ओट्याकडं वळले आणि बशीत कापून ठेवलेली चार लिंबं दिसली. चारही तशीच्या तशी. शेजारी आंबट ताकाच्या बरणीचं झाकण उघडं.

आजवर घरात पनीर केलं ते ताकानंच. दूध वर आलं की माझा हात त्या बरणीकडं जातो, त्याला मला विचारावं लागत नाही. लिंबं मीच कापून ठेवली होती, मीच विसरले होते.

जाऊबाईंना सांगितलं. त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आगं, वाटीभर ताक. पाणी तर निथळून गेलं. तिला कळायचं न्हाई आन् मी या खेपंला तोंड उघडायची न्हाई."

खरं सांगते, मला तो मोह झाला. घड्याळात साडेअकरा वाजले होते, घरधनी मोटारसायकल घेऊन यवतला तिला आणायला निघाले होते. नवीन सोयाबीन भिजायला रात्र लागते. आणि ही तर खरीखुरी चूक होती, मुद्दाम कुठं केलं होतं मी? हे मनात आलं आणि तिथंच मी अडकले. सवयीनं हात गेला, हेच वाक्य मी होळीला तिला सांगितलं होतं. हात खरोखर सवयीनं जातो तेव्हा कसं वाटतं ते मला आज कळत होतं. होळीला तसं काही वाटलं नव्हतं. कणकेत तूप चोळताना मी दाराकडं बघत होते, ती येत नाही ना म्हणून.

मी तो वडा ताटलीत काढून झाकून ठेवला आणि पातेलं घासायला घेतलं. जाऊबाई म्हणाल्या, आता गं काय? म्हटलं, आमटीचं दूध ठेवलंय ना बाजूला, त्याचा टोफू करते. आणि आमटी कशाची, त्यांनी विचारलं. ते मला तेव्हा माहीत नव्हतं. चोथा पुन्हा पिळून पातळ दूध काढावं तर तो गाईच्या पोटात गेलेला. मग तिळांकडं लक्ष गेलं. नाहीतरी तिळाचंच रामेन. वाटण थोडंसं घालायचं ठरलं होतं, आता सगळी आमटीच तिळाची करायची. पण माझ्याकडं वाटीभरच तीळ होते. मी काही बोलायच्या आत जाऊबाई चपला घालून निघाल्या होत्या आणि संक्रांतीचे उरलेले तीळ डबा भरून घेऊन आल्या. "घे, कर काय करायचं ते," म्हणाल्या, "तुमी मायलेकी सारख्याच."

मी आधी ताकाची बरणी उचलून बाहेर गोठ्यातल्या फळीवर नेऊन ठेवली. दूध उकळलं, चार लिंबं मोजून पिळली, फडकं बांधलं, वरवंटा ठेवला, वर पाण्याची कळशीही ठेवली. तीळ मंद भाजले, मिक्सरला सुकेच फिरवले, आणि तेल सुटून लगदा झाल्यावर गरम पाणी घालत घालत वाटले. ते फडक्यातून गाळल्यावर दूध आलं ते असं दाट आणि खमंग की मी तर्जनी बुडवून दोनदा चाखलं. शेंगदाण्याच्या तेलात कांदा, आलं, लसूण परतलं, सोया सॉस घातला, तिळाचं दूध ओतलं आणि उकळी न येऊ देता मंद आचेवर ढवळत राहिले. दुसऱ्या कढल्यात तेल तापवून लसूण आणि लाल तिखटाची तर्री केली. टोफू पहिल्यासारखा देखणा झाला नाही, कडेनं भुगा होत होता. जपून चौकोन कापले आणि तव्यावर लालसर परतले.

बाहेर मोटारसायकल वाजली तेव्हा शेवया उकळत्या पाण्यात होत्या.

ती आत आली, पाया पडली, बॅग कोपऱ्यात ठेवली. तवा आणि बाटली काढली नाही, पण बॅगेची चेनही लावलेली नव्हती. मी वाडग्यात शेवया घातल्या, आमटी ओतली, टोफू मांडला, पात चिरून टाकली, तर्री सोडली. तिनं वास घेतला. तिच्या चेहऱ्यावर भूक दिसत होती. तिनं एकदा कोपऱ्यातल्या बॅगेकडं पाहिलं. चमचा उचलला.

मी म्हणाले, "थांब." झाकलेली ताटली आणून तिच्यासमोर ठेवली. "हा आधी केला व्हता. ह्यो ताकानं नासवलाय. हात गेला माझा. तुझ्या वाडग्यातला लिंबाचा हाय, दुसऱ्यांदा केला."

तिनं ताटलीवरचं झाकण उचलून पाहिलं. मग म्हणाली, "मग सांगितलंस कशाला? मला कळलंही नसतं."

"व्हय, कळलं नसतं," मी म्हणाले. मग मी जरा जोरातच बोलले. "आज चुकून झालं. होळीला चुकून न्हवतं झालं. तवा मी मुद्दाम घातलं व्हतं तूप, आन् वरनं खोटं बोलले. म्हटलं, खाल्लं की सुटेल हिचा हट्ट. चुकलं माझं."

आमच्यात आया लेकींची माफी मागत नाहीत. घरधनी जेवायला पाटावर बसले होते, त्यांनी मान खाली घातली. जाऊबाई उगाच बाजेवरचं यंत्र सोडवायला लागल्या.

"मला ठाऊक होतं," लेक म्हणाली. "दोन वर्षं वाट बघत होते, कधी म्हणतेस ते."

मग ती जेवायला लागली. पहिल्या घासाला तिनं डोळे मिटले. शेवया फुर्र करून ओढल्या, टोफू वेचून वेचून खाल्ला, शेवटी वाडगा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला. घरधन्यांनीही मुकाट्यानं सगळं संपवलं आणि गव्हाणीचा विषय काढला नाही. मी मात्र उभीच होते, मला बसणं सुचत नव्हतं.

तिनं वाडगा खाली ठेवला आणि ओठावरचं लाल तेल पुसत मला विचारलं, "आई, सकाळी जायच्या आधी काय करणारेस?"

मी म्हणाले, वांग्याचं भरीत आणि भाकरी.

भरीत कशात परतणार, हे तिनं विचारलं नाही.