आटपाडीच्या बूथवरून

नव्व्याण्णव साली मी आणि माझा मामेभाऊ सांगलीत एका कापडदुकानावरच्या खोलीत वेबसाइट बनवायचो. गिऱ्हाईक आणायचा तो, प्रोग्राम लिहायची मी. माझा जीव एकाच भाषेवर होता, पर्लवर. ब्राउझरमध्ये दिसणारं पान तीच रचायची, मागच्या नोंदी तीच साठवायची आणि शोधूनही तीच द्यायची. भाऊ कुरकुरायचा. "ताई, हे डॉलर-टक्क्यांच्या चिन्हांचं जंगल तुझ्याशिवाय कुणाला कळणार? निदान पानं तरी प्रोग्रामपासून वेगळी कर, म्हणजे मला हात लावता येईल." मी ऐकलं नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही बेदाण्याच्या व्यापाऱ्यांची वेबसाइट पुरी केली. परगावच्या खरेदीदाराने रंग आणि प्रत निवडली की कोणाकडे कसला माल आहे ते दिसायचं. सांगलीतच व्यापाऱ्यांच्या सभागृहात दुपारी उद्घाटन होतं. नेमका त्याच सकाळी आटपाडीहून निरोप आला: वडील डाळिंबाच्या बागेत बांधावरून पडले, मांडीचं हाड मोडलं. मी मिळेल त्या एसटीत बसले.

पोचले तेव्हा वडिलांना जीपमध्ये आडवं केलं होतं. पायाला फळ्या बांधल्या होत्या. डॉक्टरांनी ताबडतोब मिरजेला न्यायला सांगितलं होतं. वडील डोळे मिटून ओठ चावत होते. माझे चुलते पुढे बसले होते. मिरजेत खाट आधीच सांगून ठेवायला हवी होती, म्हणून जीप स्टँडसमोर थांबवून मी एसटीडी बूथमध्ये शिरले आणि सभागृहाचा नंबर फिरवला. फोन भावानेच उचलला.

"ताई, बरं झालं! पानच उघडत नाही. इंटर्नल सर्व्हर एरर येतोय. पाहुणे येऊन बसलेत."

"आधी माझं ऐक. बाबांना मिरजेला आणतोय. हाडांच्या दवाखान्यात खाट सांगून ठेव."

"सांगतो, आत्ता माणूस पाठवतो." त्याने कुणाला तरी हाक मारून सगळं समजावलं ते मला ऐकू आलं. मग आवाज एकदम खाली. "पण याचं काय करू? सगळे माझ्याकडे बघतायत."

काल रात्रीपर्यंत सगळं चालत होतं. मी विचारलं, "फायलीला कुणी हात लावला?"

तो पाहुण्यांचंच काहीतरी पुटपुटू लागला.

"अरे, नीट बोल!"

"पानावर पाहुण्यांचं पद चुकलं होतं. विंडोजच्या मशीनवर नेऊन एक शब्द बदलला. एकच."

माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण घोटाळा कळला. विंडोजवर फाईल जतन केली की प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जादा चिन्ह येतं. सभागृहातच ठेवलेला आमचा सर्व्हर लिनक्स या वेगळ्या प्रणालीवर चालायचा आणि पहिल्याच ओळीला अडखळत होता. ती सगळी चिन्हं काढायला पर्लचीच एक ओळ पुरे होती. पण ती फोनवरून सांगायची कशी?

"सर्व्हरवर बस. लिही. पर्ल. मोकळी जागा. वजा, पी, आय. जागा. वजा, ई. जागा. एकेरी अवतरण. एस. तिरकी रेघ..."

"कुठली तिरकी? दोन आहेत."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. चुलते बूथच्या दारात आले. "अगं पोरी, किती येळ? त्यास्नी लय दुखतंय. चल की."

"आले, तात्या. आलेच." मी पुन्हा फोनमध्ये म्हणाले, "प्रश्नचिन्हाच्या बटणावरची. मग दुसरी, उलटी. मग आर. मग परत प्रश्नचिन्हवाली, दोनदा. अवतरण बंद. जागा. फायलीचं नाव. एंटर."

"काहीतरी इंग्रजीत ओरडतोय."

"तिरक्या उलटसुलट झाल्या. परत लिही, आणि एकेक चिन्ह मला बोलून दाखव."

त्याने दाखवलं. जीपमधून वडील कण्हले. तो आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. फोन खाली ठेवावा असं अगदी मनात आलं होतं.

"एंटर मारलं. काहीच झालं नाही, ताई."

"काही न होणं म्हणजेच झालं. पान उघड."

मला फक्त सभागृहातली कुजबुज ऐकू येत होती. मग तो म्हणाला, "आलं."

मी बूथवाल्याच्या हातात नोटा कोंबल्या, सुटे न घेता पळाले आणि जीपमध्ये वडिलांचं डोकं मांडीवर घेतलं. मिरजेपर्यंत प्रत्येक खड्ड्याला ते माझं मनगट आवळत होते.

खाट तयार होती. त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. संध्याकाळी भाऊ दवाखान्यात आला आणि आम्ही व्हरांड्यात दबक्या आवाजात कचाकचा भांडलो. "न विचारता फायलीला हात का लावलास?" असं मी म्हणाले. "तू शिकवलंस का कधी?" असं तो म्हणाला. नर्सने दोघांनाही दटावलं.

वडील काठी टेकत चालू लागेपर्यंत मी आटपाडीतच राहिले. परत आल्यावर मी पानं वेगळी केली नाहीत, पर्लही सोडली नाही. पण रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी त्याला शिकवायला बसले. तो लिहायचा ती पर्ल मला बघवत नसे, लांबलचक आणि ओळीओळीला मराठीत टिपा. पुढच्या वर्षी मी वडिलांच्या तपासणीला गेले असताना वेबसाइट पुन्हा बंद पडली, आणि ते मला परत आल्यावर कळलं. त्याने ती एकट्याने चालू केली होती.