पुलावरून दिसलेली गौर

लक्ष्मीकांत आठल्ये यांनी नदीकाठी घर घेतलं, तेव्हा ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींत त्यांचा हेवा करणारे पुष्कळ निघाले. शहरातल्या गोरखीमागच्या दोन खोल्या सोडून हा गृहस्थ डबरा गावाच्याही पुढे, सिंध नदीच्या पलीकडच्या काठी राहायला गेला. अंगणात पेरू, गच्चीवर वारा आणि फाटकापासून शंभर पावलांवर घाट. "मजा आहे बुवा तुमची," लोक म्हणत, आणि लक्ष्मीकांतराव गालातल्या गालात हसत. त्या मजेतलं त्यांच्या वाट्याला काय येतं, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही, त्यांनाही नाही.

नदीचं वेड त्यांच्या बायकोचं, सीमंतिनीचं. त्यांच्याकडे खड्यांच्या गौरी. भाद्रपदात नदीवर जायचं, पाण्यातले सात खडे ताम्हनात घ्यायचे आणि मागे वळून न बघता, तोंडातून अवाक्षर न काढता घरी आणायचे. सोबतच्याने घंटा वाजवत यायचं, दाराशी पुढे होऊन आत शिरायचं आणि विचारायचं, "कोण आलं?" मग बाहेरून सांगायचं, "गौर आली." ग्वाल्हेरच्या लश्कर भागातली नदी पार नाला झालेली, तिथे कुठले खडे शोधणार? "बांधकामाच्या ढिगातली गिट्टी उचलून तिला गौर म्हणवत नाही मला," सीमंतिनी म्हणाली, आणि तेवढ्यावर घर ठरलं.

घर झालं आणि लक्ष्मीकांतरावांचं अप-डाउन सुरू झालं. सकाळी सातची शटल, संध्याकाळी परतीची पॅसेंजर. सिटी सेंटरमधल्या ऑफिसातून घरी पोचेपर्यंत बहुतेक अंधार झालेला. नदी त्यांना दिसे ती पुलावरून, पत्त्यांचा डाव मांडता मांडता. डब्यात मात्र तिचं कौतुक तेच सर्वांत जास्त सांगत. असा तो सरळ, नाकासमोर चालणारा आणि जरा बावळट माणूस. गौरी आणायच्या दिवशी दरवर्षी ऑफिसात काहीतरी निघेच. "पुढच्या वर्षी नक्की," ते म्हणत. मुलगा शंतनु घरी होता तोवर घंटा त्याने वाजवली. तो शिकायला गेला, मग ग्वाल्हेरातच हरिशंकरपुरमला संसार थाटून बसला, आणि घंटा देवघरात पडून राहिली.

त्या वर्षी मात्र त्यांनी रीतसर सुट्टी मंजूर करून घेतली. सीमंतिनीने हिरवं लुगडं काढलं. "मी पुढे होते, तुम्ही कपडे करून घंटा घेऊन या," असं सांगून ती घाटावर गेली. लक्ष्मीकांतरावांनी कपडे केले. घंटा हातात घेतली, हात रिकामा हवा म्हणून ती पिशवीत टाकली, पिशवी खांद्याला लावली, कुलूप घातलं. पुढचं सगळं पायांनी केलं. वीस वर्षांचे सवयीचे पाय, ते स्टेशनावर गेले. डब्यातल्या रोजच्या सोबतीच्या मानसिंगरावांनी नेहमीसारखा रुमाल टाकून जागा धरली होती.

"बैठिए, आठल्येजी," ते म्हणाले. लक्ष्मीकांतराव बसले. गाडी पुलावर आली, पिशवी हिंदकळली आणि आतून घंटा वाजली.

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली घाटावर हिरवं लुगडं दिसलं. हातात ताम्हन धरून ती पाण्याकडे पाठ करून उभी होती, घराच्या वाटेकडे बघत.

पुढच्या डबरा स्टेशनावर उतरून उलटी गाडी दुपारशिवाय नव्हती. पण जीप होती, टेम्पो होता, उतरता आलं असतं. ते उतरले नाहीत. कसल्या तोंडाने जायचं, या लाजेपायी ते थेट ऑफिसात गेले आणि सुट्टीच्या दिवशी दिवसभर खुर्चीत बसून राहिले. संध्याकाळी सीमंतिनीने रागाचा एक शब्द काढला नाही. "गौर बसली हो. हातपाय धुवा, नमस्कार करा," एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

त्याच पौषात ती गेली. चार दिवसांच्या तापाचं निमित्त. तेराव्याला शेजारची स्मृती ताटं वाढता वाढता म्हणाली, "अंकल, गौरी के दिन आंटी अंदर जाकर खुद ही पूछती थीं, फिर बाहर आकर खुद ही जवाब देती थीं. मैंने कहा, मैं पूछ लूँ? बोलीं, नहीं, ये तो उनका काम है."

वर्ष सरलं, ते रिटायर झाले. शंतनुचा फोन रोजचा. "बाबा, अब वहाँ अकेले क्या करोगे? इकडे या ना. गौरी पण इथेच बसवू."

"पुढच्या वर्षी," ते म्हणाले, आणि आपण हे किती वेळा म्हटलंय ते त्यांना आठवलं. मग म्हणाले, "या वर्षी मी आणणार आहे."

"बाबा, गौर बायका आणतात."

"माहीत आहे."

सकाळी ते घाटावर गेले. पाणी गढूळ होतं, खडे हाताने चाचपून काढावे लागले. सात खडे ताम्हनात ठेवून ते वळले, तोच पुलावरून सातची शटल गेली. मागे बघायचं नव्हतं, त्यांनी बघितलं नाही. एका हातात ताम्हन, दुसऱ्या हातात घंटा, शंभर पावलं ते मुक्याने चालले. फाटकाशी स्मृती उभी होती. तिने विचारलं, "अंकल, मैं पूछूँ?" त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

ताम्हन उंबऱ्याबाहेर ठेवलं, आत गेले, दाराकडे तोंड करून उभे राहिले.

"कोण आलं?"

आवाज रिकाम्या घरात नको इतका मोठा झाला. मग ते बाहेर आले, ताम्हन उचललं आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं. इथेच उभी राहून ती दरवर्षी आधी वाटेकडे बघत असणार. गौर आली, एवढंच म्हणायचं होतं. ते काही केल्या म्हणता येईना.

"मी आलो गं," लक्ष्मीकांतराव म्हणाले, आणि ताम्हन छातीशी धरून उंबऱ्यावर बसले.