डाव्या चाकामागचे बोल्ट

पळायचं कसं, हे माझ्या गाडीला कुणी शिकवायची गरज नव्हती. विजेवरची सेडान ती, पाय जरा दाबला की मान मागे आपटते. अडचण थांबण्याची होती. पोटात म्हशीएवढ्या वजनाची बॅटरी घेऊन पळणारं ते धूड ट्रॅकवर पुन्हा पुन्हा वेगातून खाली आणायचं, म्हणजे ब्रेकचा जीव जातो. सिन्नरच्या पलीकडे माळावर एक छोटा खासगी ट्रॅक आहे. तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा थोड्याच फेऱ्यांत ब्रेकचा पेडल ओल्या स्पंजसारखा आत गेला. गाडी थांबली, पण कडेच्या मातीत जाऊन. मी दातांची डॉक्टर. दिवसभर खुर्चीतल्या माणसाला 'घाबरू नका' म्हणणं हा माझा धंदा. त्या दिवशी मातीत बसल्या बसल्या माझेच दात वाजत होते.

शहाण्या बाईने हौस तिथेच सोडली असती. मी घरी येऊन जाड डिस्क मागवल्या, ट्रॅकचे पॅड मागवले, जास्त ताप सोसणारं ब्रेक ऑइल आणि रस्त्याला चिकटून राहणारे टायर मागवले. नवऱ्याने कोपरापासून हात जोडले आणि या विषयातून अंग काढून घेतलं. आता हे सगळं बसवायचं कुणी, एवढाच प्रश्न राहिला. माझ्या मनात उत्तर आधीपासून होतं, आणि ते घरात कुणालाच आवडणार नव्हतं.

बाबा. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर घरामागे पत्र्याची शेड टाकली आणि गल्लीतल्या आजारी स्कूटर, पंप, मिक्सर, सगळे तिकडे जाऊ लागले. पण अलीकडे बोटांना बारीक थरथर आली होती आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही संध्याकाळचं नीट दिसत नव्हतं. उन्हाळ्यात शेजाऱ्यांच्या स्कूटरचा ऑइलचा नट ढिला राहिला आणि इंजिन जाम झालं. पुण्याहून भाऊ आला तो तडकलेलाच. म्हणाला, "आता आणखी एक चूक झाली की शेडला कुलूप. कुणाचा जीव जायची वाट बघायची का?" बाबा उठले आणि शेडमध्ये जाऊन बसले. शेड बंद झाली तर हा माणूस महिन्याभरात अंथरूण धरेल, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं, भावालासुद्धा.

म्हणून मी मुद्दाम ब्रेकचंच काम त्यांच्याकडे नेलं. भाऊ फोनवर ओरडला, "डोकं फिरलंय का तुझं?" फिरलंच होतं. मी म्हटलं, "गाडी माझी, पाय माझा. तू कशाला ब्रेक दाबतोस?" आणि फोन ठेवला.

काम आलं नेमकं खंडेनवमीच्या दिवशी. सकाळपासून बाबा गाडीखाली. डिस्कला दोन्हीकडून चिमट्यासारखा धरणारा जो कॅलिपर असतो, तो दोन जाड बोल्टांवर तोललेला असतो. ते बोल्ट साध्या पान्याने नाही आवळायचे. त्यासाठी टॉर्क पाना असतो, ठरलेला जोर पोचला की तो कट् असा आवाज करतो. बाबांची टूलरूमपासूनची पद्धत अशी, की तो आवाज आला की बोल्टवर लाल रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका दिसला म्हणजे काम पक्कं, पुन्हा हात लावायचा नाही. उजवं चाक झालं, ठिपके पडले. डावीकडचे बोल्ट त्यांनी नुसते हाताने फिरवून बसवले, आणि दारातून आईचा आवाज आला, "हत्यारं आणा आता, पूजा मांडलीय."

आमच्याकडे हत्यारं एकदा पाटावर गेली की दसऱ्याची आरती होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. टॉर्क पाना गेला, पाने गेले, हातोडीसुद्धा गेली. झेंडूच्या फुलांत सगळा संसार मांडून झाल्यावर आई ओल्या कुंकवाची वाटी घेऊन गाडीकडे आली. बॉनेटवर स्वस्तिक काढलं. मग डावीकडे, चाक काढलेल्या जागेकडे बघून म्हणाली, "ह्ये नवं काय बसवलंय?"

"थांबायचं यंत्र," मी म्हणाले.

"मग आधी त्यालाच लावायला पायजे," आई म्हणाली. गुडघ्यावर हात ठेवून वाकली, आणि जिथे जिथे बोट पोचलं तिथे तिथे तिने कुंकू लावलं. मी हसत फोटो काढले.

दसऱ्याच्या संध्याकाळी आरती झाली आणि घरात सोनं द्यायला येणाऱ्यांची रीघ लागली. मी आपट्याची पानं वाटत होते आणि बाबा मधूनच मागे जाऊन डावं चाक चढवून आले. "झालं," म्हणाले. मी काय विचारणार?

दुसऱ्या दिवशी बाबांची हत्यारं डिकीत टाकून आम्ही दोघंच ट्रॅकवर निघालो. इगतपुरीच्या घाटात ज्यांना उलटी होते ते बाबा सगळा रस्ता वरची कडी धरून बसले होते. विजेच्या गाडीत पाय नुसता उचलला की मोटर स्वतःच चाकांना मागे ओढते, त्यामुळे सिन्नर मागे पडलं तरी मी ब्रेक जेमतेम शिवला होता. ट्रॅकवर मात्र ही ओढ कमी ठेवावी लागते, नाहीतर वळणात गाडीची शेपूट सुटते. मी स्क्रीनवर जाऊन ती अगदी कमी केली. म्हणजे आता थांबवायचं काम फक्त ब्रेकचं.

पहिल्या फेऱ्या इतक्या छान गेल्या की मी हेल्मेटच्या आत मोठ्याने हसले. पेडल दगडासारखा टणक. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी दोनशे आणि शंभर मीटरच्या पाट्या आहेत, त्यापुढे उजवं वळण आणि वळणाच्या बाहेर टायरांची भिंत. शंभरच्या पाटीपाशी ब्रेक दाबायचा आणि गाडी जमिनीला नाक लावायची. बाबा कुंपणापाशी उभे होते. दर फेरीला त्यांची पांढरी टोपी दिसायची.

मग ब्रेक दाबला आणि डावीकडून आवाज आला. टक्.

पेट्रोलची गाडी असती तर इंजिनाच्या बोंबलण्यात तो ऐकूही आला नसता. या गाडीत वाऱ्याखेरीज काही वाजत नाही. वाटलं, खडा उडाला असेल. पुढच्या वळणाला हलकेच दाबला. टक् टक्. स्टेअरिंग हातात झटका देऊन डावीकडे गेलं. पाठीतून घाम फुटला. डाव्या चाकापाशी काहीतरी सुटत होतं. ते पूर्ण सुटलं तर कॅलिपर चाकात अडकणार, आणि मी कुठे जाणार ते टायरांच्या भिंतीलाच माहीत. पुढे सरळ पट्टा, मागे एक गाडी जवळ आलेली. खोटं कशाला बोलू, मला आधी मुलाचा चेहरा दिसला. त्यानंतर लगेच भावाचं वाक्य ऐकू आलं.

ब्रेकला पाय लावायचा नाही, एवढं ठरवलं. मोटरची ओढ परत वाढवायची होती, पण ती स्क्रीनच्या आत दोन पानं दडलेली. घामेजल्या हातमोज्याचं बोट स्क्रीन काही केल्या ओळखेना. मोजा दातांनी ओढून काढला. एक डोळा रस्त्यावर, एक स्क्रीनवर. चुकून गाणीच उघडली. मी स्वतःला एक अस्सल शिवी घातली. दोनशेची पाटी डोळ्यांसमोर मोठी होत असताना ते बटण सापडलं. पाय पूर्ण उचलला. मोटरने गाडी अशी मागे ओढली की पट्टा खांद्यात रुतला. वळण रांगत पार केलं, मागच्याला हाताने खूण करून पुढे जाऊ दिलं आणि तशीच हळूहळू आत आले.

बाबा धावत आले होते. त्यांना धावताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मी म्हणाले, "डावीकडून आवाज येतोय." त्यांनी जॅक लावला, चाक उतरवलं, गरम लोखंड निवेपर्यंत थांबले. मग वरच्या बोल्टला बोट लावलं, तर तो बोटाने फिरला. खालचाही. दोन्हींवर लाल ठिपके होते. बाबांनी एक ठिपका अंगठ्याने घासला. तो निघून आला. अंगठा लाल झाला.

ते कुंकू होतं. आदल्या संध्याकाळी टॉर्चच्या उजेडात त्यांनी लाल ठिपके पाहिले, बोल्ट पक्के झालेत असं धरलं आणि चाक चढवलं. हे त्यांना आणि मला एकाच वेळी कळलं. बाबा खाली बसले. मला त्यांचा राग आला, खरंच आला, आणि त्याच क्षणी त्यांना पोटाशी धरावंसंही वाटलं. त्यातलं मी काहीच केलं नाही.

"तुझ्या आईला सांगू नको," ते शेवटी म्हणाले. "लय जीवाला लावून घेईल."

"दादालाही नको," मी म्हणाले. ते तोवर हत्यारांकडे वळले होते.

त्यांनी बोल्ट काढून आटे नीट तपासले, दुसरीकडेही सगळं पाहिलं. मग टॉर्क पाना लावला. कट्. कट्. मला पुढे करून म्हणाले, "तू लाव." मीही लावला. कट्. घरी जावं असं मनात आलं होतं, पण तेव्हा घरी गेले असते तर बाबांनी शेडचं दार पुन्हा उघडलं नसतं. मी हेल्मेट चढवलं.

आवाज आला नाही. स्टेअरिंग सरळ राहिलं. थोड्या फेऱ्या मारून आत आले तर बाबा म्हणाले, "दोनशेच्या पाटीलाच ब्रेक मारतेस. आधी शंभरला मारत व्हतीस."

"टायर तापलेत."

"टायर नाय तापले."

"भीती वाटते, बाबा," मी म्हणाले. "तिथे आलं की पाय आपोआप पडतो."

त्यांनी मान हलवली. ट्रॅकच्या माणसाकडे गेले, काहीतरी बोलले, आणि भाड्याचं हेल्मेट चष्म्यावर कसंबसं बसवत माझ्या शेजारी येऊन बसले. "चल," म्हणाले. मी नाही म्हणाले, त्यांनी पट्टा लावून घेतला. कडी धरली नाही.

अर्धी फेरी मी सावकाश नेली. सरळ पट्टा आला तसा पाय दाबला आणि माळ दोन्ही बाजूंनी पुसला गेला. दोनशेची पाटी आली, माझा पाय ब्रेककडे निघाला.

"अजून नाय," बाबा म्हणाले.

टायरांची भिंत समोरून येत होती.

"अजून नाय. आता!"

मी सगळा जीव पायात आणून दाबला. गाडी सरळ रेषेत खाली बसली आणि वळणात शिरली. बाबांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

आत येऊन थांबल्यावर त्यांनी हेल्मेट काढलं. मग माझा फोन मागितला आणि मी अडवायच्या आत भावाला लावला.

"डाव्या चाकाचे बोल्ट ढिले राहिले व्हते, माझ्याकडनं," ते म्हणाले. "पोरगी वाचली. आता आवळलेत, मग त्याच गाडीत बसून फेरी मारून आलो. शेडचं काय करायचं ते तू ठरव."

फोन स्पीकरवर होता. भाऊ हळूच म्हणाला, "बाबा, तुम्ही तिच्या शेजारी बसलात?"

"बसलो ना," बाबा म्हणाले. "शंभरच्या पाटीपत्तोर ब्रेक मारू दिला नाय तिला."