कुठला रंग आवडतो तुला?

आमच्या कुलपांच्या कारखान्यात शिव्या सगळ्यांना पचायच्या. एक साधा प्रश्न तेवढा पचायचा नाही. ‘कुठला रंग आवडतो तुला?’ असं गुंडाताईने विचारलं, की चांगला दांडगा माणूसही तोंड लपवायचा.

गुंडाताई म्हणजे साहेबांच्या कचेरीतली टायपिस्ट. तिच्या पिशवीत कायम दोऱ्याचा गुंडा असायचा, म्हणून हे नाव. कारखान्यात गुंडे दोनच, एक ताईच्या पिशवीत आणि दुसरा साहेबांच्या काचेच्या केबिनमध्ये, असं आम्ही बायका म्हणायचो. हळू आवाजात, अर्थात. बाई पन्नाशीची, लग्न न झालेली, घरी अंथरुणाला खिळलेली आई. चेहरा इतका गरीब, की रस्त्यात कुणी धक्का दिला तर हीच माफी मागेल.

जेवणाची सुट्टी झाली की ती चार घासांत डबा संपवायची आणि क्रोशाची सुई काढायची. खोटं कशाला बोलू, बघत राहावंसं वाटायचं. डाव्या करंगळीला दोऱ्याचा वेढा, पहिल्या बोटावर ताण, आणि सुईचं वाकडं नाक दोरा पकडून आत-बाहेर, आत-बाहेर. साखळी, मुका खांब, खांब. मुका खांब म्हणजे आखूड टाका. त्या नावावरून पॉलिशवाले पुरुष काय काय बोलायचे ते सांगण्यासारखं नाही, पण ताई आपली हसायची आणि पुढची ओळ घ्यायची. बघता बघता बोटभर चिमणी व्हायची, फुलपाखरू व्हायचं, किल्लीला अडकवायचा मासा व्हायचा. तो तळहातावर ठेवून ती वरची कुसं फुंकायची आणि समोरच्याला द्यायची. घेणाऱ्याचा चेहरा बघताना तिला जे सुख व्हायचं ते मी पगाराच्या दिवशीही कुणाच्या तोंडावर पाहिलं नाही. दिवसभर दुसऱ्याचे शब्द बडवते, हे तेवढं माझं स्वतःचं, असं ती म्हणायची. मलाही तिने मासा शिकवला. माझा मासा चेंगरलेल्या बटाट्यासारखा झाला, तरी तिने त्याचं कौतुक केलं.

मग माणसं कमी करायला सुरुवात झाली. काढल्याची पत्रं टाइप करायची ताईने, त्यामुळे कुणाचा नंबर लागलाय ते तिला सगळ्यांत आधी कळायचं. बाईच्या मनात आलं, माणूस इतकी वर्षं राबला, त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? म्हणून ती आधी जाऊन त्याला रंग विचारायची. एका सुट्टीत फूल तयार. साहेबांच्या पाकिटावर ते फूल ठेवून स्वतः नेऊन द्यायची, वर त्याच्या कामाची तारीफ करायची. मेल्या म्हशीला मणभर दूध. पहिल्या एक-दोघांना खरोखर भरून आलं. नंतर लोकांच्या लक्षात आलं, आणि ती पिशवी घेऊन दारात दिसली की सगळ्यांना एकदम कामं आठवू लागली.

लोकांनी काय काय करून पाहिलं. एकीने सांगितलं, मला रंगच दिसत नाहीत. खोक्यांवर चिकटपट्टी लावणारा एक गडी होता, भारी चलाख. तो म्हणाला, मला पाण्याचा रंग आवडतो, आणा बघू. ताई दोन दिवस विचारात पडली. मग पांढऱ्यात निळ्याची पुसटशी छटा असलेला दोरा शोधून आणला. मासा अगदी पाण्यासारखा झाला आणि खोकीवाला कामावरून गेला.

आता माझ्या दादाचं सांगते. थोरला भाऊ. पॉलिशच्या चाकावर पितळ धरून त्याच्या हाताची कातडी पिवळी पडली होती. मला तिथे चिकटवलं त्यानेच. मी तपासणीच्या टेबलावर होते, म्हणजे किल्ली घालायची, फिरवायची, कडी ओढून बघायची, दाबून बंद करायची, पुढचं कुलूप. दादा-वहिनी कारखान्यामागच्या कंपनीच्या खोलीत राहायचे. तळमजला, दारात नळ, मागे ऊन येणारी मोरी. दादाची दोन वर्षं उरली होती. कंपनीने काढलं तर पेन्शन मिळणार आणि खोलीही निवृत्तीच्या तारखेपर्यंत राहणार. स्वतःहून सोडलं तर दोन्ही गेलं. हे कारखान्यातल्या मांजरालाही माहीत होतं. दादालाही होतं. पण त्याचा राग नाकावर.

एका सकाळी तो नळावर हात धूत असताना ताईने त्याला गाठलं आणि गोड आवाजात रंग विचारला. त्याच्या तोंडातून ‘हिरवा’ गेलं. मग तो तडक माझ्या टेबलाशी आला. भुवयांवर पितळेची धूळ तशीच.

“माझ्या लेकीच्या सासरी कळायला नको की बापाला हाकलला,” तो म्हणाला. “मीच लाथ मारून जाणार.”

मी म्हटलं, दादा, पत्र तर येऊ दे, काढू दे त्यांना, काढण्यातच आपला फायदा आहे. बाही धरली, हात धरला, वहिनीची शपथ घातली. ऐकेल तर दादा कसला. आयुष्यभर असाच पायावर धोंडा मारून घेत आलाय. तो काचेच्या केबिनमध्ये शिरला आणि आम्ही सगळे हातातलं काम टाकून बघत राहिलो. आतलं ऐकू येत नव्हतं. दादा हातवारे करत होता. साहेबांनी त्याला बसायला खुर्ची दिली, कागद दिला, लिहायला स्वतःचं पेनही दिलं. का देणार नाहीत? सुंठीवाचून खोकला जात होता.

दुपारी ताई माझ्याकडे आली. पिशवीतून हिरव्या दोऱ्याचे दोन एवढेसे बूट काढले, माझ्या अंगठ्यावर बसतील एवढे. एकाची नाडी ओवायची राहिली होती. दादाच्या लेकीला दिवस गेलेत असं तिने पॉलिशवाल्यांकडून ऐकलं होतं. मुलगा की मुलगी कुणाला ठाऊक, म्हणून आजोबांनाच रंग विचारला. मी तिला सकाळचा प्रकार सांगितला. तिने बूट परत पिशवीत ठेवले.

“अगं, दादांचं पत्र मी टाइप केलंच नव्हतं,” ती म्हणाली.

मी धावत साहेबांकडे गेले. दादा बाहेर उभा, आत यायला अभिमान आडवा येत होता. मी साहेबांच्या हातापाया पडले. गैरसमज झाला, अर्ज फाडून टाका म्हटलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. रंगाचा भाग तर मला पुन्हा सांगायला लावला. मग इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. शेवटी म्हणाले, अर्ज मंजूर झालाय बाई, बाळाच्या बुटांवर कारखाना चालत नाही.

त्याच आठवड्यात ताईच्या टेबलावर कचेरीच्या खर्चातून एक खोकं आलं. आत रेशमी दोरे, सगळ्या रंगांचे. सगळ्यांसाठी काहीतरी करा, सगळ्यांना रंग विचारा, असं साहेबांनी सांगितलं होतं. ताई सकाळी सकाळी फिरायला लागली. कुलपं जोडणाऱ्या दोघी बहिणी आपणहून सोडून गेल्या. भट्टीवरच्या म्हाताऱ्याने तर प्रश्न पुरा व्हायच्या आत डबा उचलला. यांच्यापैकी कुणाचंच पत्र टाइप झालेलं नव्हतं. पत्र नाही, म्हणजे कंपनीला कुणाला काही देणं नाही.

मला राहवलं नाही. सुट्टीत तिच्यासमोर बसले आणि स्पष्ट सांगितलं, ताई, तुम्ही विचारता आणि माणसं घाबरून जातात, आणि साहेबांना तेच हवंय. तिने ओळ अर्धी सोडली नाही. शेवटचा खांब घातला, सुई दोऱ्यात टोचून ठेवली, मग वर बघितलं.

“मी फक्त रंग विचारते गं,” ती म्हणाली. “घाबरायचं का, ते त्यांचं त्यांनी ठरवावं. आणि इतका सुंदर दोरा मला उभ्या जन्मात मिळाला नव्हता.”

वाईट वाटलं तिला, नाही असं नाही. पण बोटं लगेच पुन्हा चालू झाली. मला तिची किळस आली आणि हेवाही वाटला. एवढं सगळं होत असताना ज्याला सुखाने काही विणता येतं, तो माणूस कसा असेल?

दादाला खोली सोडायची नोटीस आली. ती खोली कुणाला दिली हेही लवकरच कळलं. गुंडाताईला. आई तिसऱ्या मजल्यावर पडून असते, तळमजल्याची खोली द्या, असा अर्ज तिने म्हणे कधीचा करून ठेवला होता. साहेबांनी तो आता मंजूर केला.

सामान हलवायच्या दिवशी दोन हातगाड्या एकाच दारात आल्या. दादाची भरत होती, ताईची रिकामी होत होती. म्हातारीला ओट्यावर खुर्चीत बसवलं होतं. तिचा लोखंडी पलंग दारात अडकला. गाडीवाले ढकलत होते, शिव्या देत होते. शेवटी दादाच पुढे गेला. त्या दारातून पलंग कसा तिरका घ्यायचा ते त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्याने खाली शिरून पलंगाचे पाय वर केले आणि पलंग फिरवू लागला.

ताईचा चेहरा नुसता फुलला होता. वहिनी कोपऱ्यात शेवटचं बोचकं बांधत होती. ताई तिच्याजवळ गेली, उघड्या खिडकीकडे बघून मायेने म्हणाली, “वहिनी, इतकी वर्षं राहिलात, पण खिडकीला साधी झालरसुद्धा लावली नाहीत? मी आठवड्यात करते बघा.”

वहिनीने बोचक्याची गाठ घट्ट केली आणि मान वर केली नाही. माझा हात वर गेला. गेलाच.

“हात आवर,” पलंगाखालून दादा म्हणाला. “तुला उद्या तिथे कामाला जायचंय.”

मी हात खाली घेतला आणि पलंगाचं दुसरं टोक धरलं.