हाम्प्योंगवालीची बेचाळीस पोती

प्यो जोमरे हे नाव फक्त सरकारी कागदांवर. गावात सगळे तिला हाम्प्योंगवाली म्हणत, कारण पंचावन्न वर्षांपूर्वी ती हाम्प्योंगहून सून म्हणून आली होती. दक्षिण कोरियातल्या किमजेच्या त्या सपाट रानात तिचं शेत ओळखायला पाटी लागत नसे. लोंब्यांच्या वर डोकं काढलेलं एकही परकं रोप तिथे दिसायचं नाही. चौऱ्याहत्तरीतही ती ऑगस्टच्या उन्हात बांधाबांधाने फिरायची आणि असं रोप दिसलं की मुळासकट उपटायची.

"काकू, भाताला गणवेश शिवलाय का?" जाता जाता कुणीतरी विचारायचं.

"तुझ्या शेतातलं गवत आधी वर्गाबाहेर काढ, मग बोल," ती मान वर न करता म्हणायची.

हा खटाटोप होता राखीव साठ्यासाठी. दरवर्षी थंडीच्या तोंडावर सरकार साळ विकत घेऊन गोदामात ठेवतं, वाईट वर्षासाठी. जोमरे त्याला देशाची कणगी म्हणायची. तिच्या लहानपणी घरची कणगी वसंतातच रिकामी व्हायची. साळ संपलेली आणि जव अजून हिरवे. मग आई पाइनची साल उकळून द्यायची. अशाच एका वसंतात तिची धाकटी बहीण गेली. आपली साळ त्या गोदामात जाते याचा जोमरेला जेवढा अभिमान होता, तेवढा मुलगा सोलमध्ये बँकेत लागल्याचाही नव्हता, आणि हे ती मुलाला तोंडावर सांगायची.

सलग अकरा वर्षं तिच्या पोत्यांवर 'विशेष' हाच शिक्का बसला होता. नियम मात्र कडक होता. कागदावर लिहिलेल्या वाणाचीच साळ आणायची. तिचा नमुना पुढे प्रयोगशाळेत जायचा, आणि त्यात परकं वाण ठरलेल्या प्रमाणाबाहेर निघालं की पाच वर्षं दार बंद. चौऱ्याहत्तरीत पाच वर्षं म्हणजे कायमचीच.

त्या नोव्हेंबरात गोदामाच्या पटांगणात तिची बेचाळीस पोती रांगेत लागली. तपासणीला एक तरुण बाई आल्या होत्या. त्यांनी परखीची पोकळ सळई पोत्यात खुपसून दाणे हातावर घेतले, ओल मोजली, वास घेतला आणि धपाधप शिक्के मारले. विशेष, विशेष, विशेष. शेजारी पांग दोकसू आपला ट्रॅक्टर घेऊन पाळीची वाट बघत उभा होता. अख्ख्या गावाची कापणी त्याच्याच हार्वेस्टरने व्हायची.

परखीतून चार दाणे खाली सांडले होते. सांडलेला दाणा जोमरेला बघवत नसे. तिने वाकून ते उचलले आणि सवयीने एक दाणा नखाने सोलला. आतला तांदूळ दुधासारखा पांढरा. दुसरा सोलला, तो काचेसारखा, जसा हवा तसा. तिसरा पुन्हा पांढरा.

चिकट साळ, शिजली की गोळा होणारं वेगळंच वाण! तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

कुठे घोळ झाला ते तिला लगेच कळलं. हार्वेस्टर शेतात शिरण्याआधी त्याच्या पोटातली आधीच्या शेताची साळ झाडून काढायची आणि पहिल्या फेरीचे दाणे घरी खायला वेगळे ठेवायचे, ही तिथली रीत. दरवर्षी ती कंबरेवर हात ठेवून समोर उभी राहायची. या वर्षी पावसाचा अंदाज होता, घाई होती, आणि ती गडीमाणसांसाठी शेवया आणायला घरी गेली होती. दोकसूला ताजी किमची, कोबीचं तिखट लोणचं, आवडते म्हणून ती कालवत बसली, तेवढ्यात दोकसू आपल्या चिकट साळीच्या तुकड्यातून थेट तिच्या शेतात घुसला होता.

तिने तळहात त्याच्यापुढे धरला. त्याचा चेहरा पडला.

"काकू, मूठ मिटा," तो कुजबुजला. "दोन-चार पोत्यांत असेल. प्रमाणात बसेल."

"कोणत्या दोन-चार?"

"आता ते कसं सांगू?"

"मग झालं तर."

"अहो, शिक्का बसलाय! आणि तुम्ही बोललात तर माझं काय? तुमच्यानंतर त्याच यंत्राने, न झाडताच, माझी साधी साळ कापलीय."

जोमरे काही क्षण त्या शिक्क्यांकडे बघत राहिली. बारावं वर्ष होतं. तिला रडू येत होतं आणि त्या रडण्याचा रागही येत होता. मग ती तपासनीस बाईंपुढे जाऊन उभी राहिली.

"बाई, ही पोती मी परत नेते. यात चिकट साळ मिसळलीय."

त्यांनी दाणे पाहिले, कागद पाहिला. "नमुना अजून सीलबंद केलेला नाही, तेव्हा परत नेता येतील. पण आजी, यंदाची तुमची नोंद कोरी राहील. मला तर हे दिसलंही नव्हतं."

"तुम्हाला नाही दिसलं, मला दिसलं ना! ज्या वर्षी हे पोतं उघडायची पाळी येईल, तेव्हा लोक आधीच हवालदिल असतील. मी असेन मातीत. त्यांनी तक्रार करायची कुणाकडे?"

बाईंनी बेचाळीस शिक्क्यांवर काट मारली. खरं सांगायचं तर, त्या पटांगणात त्या क्षणी तिच्याएवढं मोठं माणूस दुसरं नव्हतं. ती मात्र कंबर धरून एकटीच पहिलं पोतं ओढू लागली होती.

"पांग दोकसू," बाईंनी पुकारा केला. "तुमची साळ एकाच वाणाची?"

दोकसूने आपल्या ट्रॉलीकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"नाही," तो शेवटी म्हणाला आणि तिच्या पोत्याजवळ आला. "काकू, आज तुम्ही माझं पार वाटोळं केलंत."

"केलं ना? मग आता हे टोक धर. अजून एकेचाळीस उचलायचीत."

त्याने धरलं.